भिंतभर स्वयंपाकघर

जावयाचा मॉनिटर गेला तो सासूबाईंच्या हातून. त्या वरच्या फळीवरच्या कुंडीला पाणी घालत होत्या, कुंडीला ते जास्त झालं आणि उरलेलं मॉनिटरच्या पाठीत उतरलं. पडदा एकदा निळा झाला, एकदा हिरवा झाला आणि मग काळा पडला तो कायमचा.

"तरी मी म्हणत होते, ती वस्तू कुंडीखाली ठेवू नका," सासूबाई म्हणाल्या. असं त्या कधीही म्हणाल्या नव्हत्या. पण जावई सासुरवाडीतच राहायला होता, त्यामुळे कुठे वाद घालायचा आणि कुठे मान डोलवायची हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं मान डोलवली.

तो स्वयंपाकघरांची आखणी करायचा. फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीत होता, पण काम घरून. लोकांची कपाटं, ओटे, खण, कप्पे सगळं कॉम्प्युटरवर रेखायचं आणि कंपनीच्या साहेबांना दाखवायचं. साहेब ते गिऱ्हाइकांना दाखवायचे. नवा मॉनिटर पाठवतो म्हणून साहेबांनी सांगितलं खरं, पण साहेबांचं "पाठवतो" म्हणजे काय चीज असते हे त्याला माहीत होतं. लॅपटॉपच्या वहीएवढ्या पडद्यावर अख्खं स्वयंपाकघर बघायचं तर डोळ्यांच्या खाचा व्हायच्या. म्हणून त्याची नजर दिवाणखान्यातल्या टीव्हीवर गेली.

तो टीव्ही सासऱ्यांचा. सासरे जन्मभर फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते, त्यामुळे घरात, गल्लीत आणि वाण्याच्या दुकानातसुद्धा सगळे त्यांना पंचच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं हा टीव्ही आणला. एवढा मोठा, की तो बसवायला भिंतीवरचं घड्याळ, आरसा आणि लग्नातला फोटो अशी तीन जणांची हकालपट्टी झाली. शिवाय पंचांनी तो मैदानातल्या गुणफलकासारखा उंच ठोकून घेतला. संध्याकाळी त्यासमोर आरामखुर्ची टाकून ते सामने बघत. खरं तर सामना बघतच नसत. त्यातल्या पंचाला शिव्या देत.

"बाबा, दिवसा टीव्ही बंदच असतो ना," जावई म्हणाला, "तेवढ्या वेळात मी त्याला लॅपटॉप जोडला तर?"

पंचांनी बराच विचार केल्यासारखं केलं. "संध्याकाळी सामना सुरू व्हायच्या आत मैदान रिकामं पाहिजे. आणि रिमोट माझ्याकडे राहील."

"मंजूर."

"दिला निर्णय. आता फिरवणार नाही."

जोडणीला सकाळ गेली. आधी चित्राच्या चारही कडा टीव्हीच्या बाहेर पळाल्या, मग अक्षरं अशी धुरकट झाली की जणू कुणी त्यांना वाफ दिली आहे. त्याची बायको एका दवाखान्यात लोकांच्या माना-पाठी सरळ करायचं काम करायची. ती कामावर निघता निघता दोन बटणं दाबून गेली आणि अक्षरं लख्ख झाली. कीबोर्ड ठेवायला इस्त्रीचं टेबल निघालं, माऊस सोफ्याच्या उशीवर. पहिल्या दिवशी जावई पडद्याच्या अगदी पुढ्यात बसला, तर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला मान अशी फिरवावी लागे की दुपारपर्यंत ती एका बाजूला अडकून बसली. मग तो हळूहळू मागे सरकत सरकत सोफ्यावर आला. एका अंगाला आरामखुर्चीत पंच, दुसऱ्या अंगाला सासूबाई. दोघांनाही दिवसभर दुसरं काही काम नव्हतं.

आणि टीव्ही चालू आहे म्हटल्यावर तो बघायचा, ही दोघांची जन्माची सवय.

"ही कोण बाई?" सासूबाई नकाशाकडे बघून विचारत. "एकटीच राहते म्हणतोस, आणि कपबश्यांना एवढा कप्पा? कोणीतरी येतं तिच्याकडे."

"आई, मला फक्त मापं ठाऊक आहेत."

"मापांवरून सगळं कळतं."

पंचांचं वेगळंच. फ्रिजचं दार उघडून ओव्हनच्या वाटेत आलं की ते खुर्चीतून ओरडत, "फाउल!" पहिल्यांदा जावई दचकला आणि त्याच्या हातून एक अख्खी भिंत पुसली गेली. पण मग त्यानं बघितलं, तर दार खरंच वाटेत येत होतं. त्यानं गुपचूप ते डावीकडून उघडणारं केलं. पंच नुसते खाकरले.

सगळ्यात वाईट म्हणजे खासगी असं काही उरलंच नाही. जावयानं एकदा सहज टकलावरचे उपाय शोधले, तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या भावानं सगळं करून बघितलं, बाबा. उपयोग नाही. तू टोपी घे."

आणि मग तो निरोप आला. बायकोचा. दुपारची वेळ, पडद्यावर एका पोळपाटाएवढ्या चौकोनात, वीतभर अक्षरांत: 'बाबांचं नाटक चालू आहे का अजून? तू नुसतं हो म्हण आणि हवं तेच कर. मी लहानपणापासून तेच करते.'

जावयानं माऊसवर झडप घातली. माऊस उशीवरून घरंगळला. पंचांनी चष्मा लावला आणि निरोप मोठ्यानं, न अडखळता, न घसरता, खणखणीत वाचला.

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. त्या रडत आहेत की हसत आहेत हे खांद्यांवरून कळत नव्हतं.

"जावईबापू," पंच म्हणाले. बापू लागला की प्रकरण गंभीर. "तुम्हीही असंच करता?"

"नाही बाबा," जावई घाम पुसत म्हणाला. मग जे खरं होतं तेच त्याच्या तोंडून निघून गेलं. "मला नाही जमत ते. मी नाही म्हणतो आणि मग तुमच्याच मनासारखं करतो."

आता मात्र सासूबाईंचा पदर सुटला आणि त्या खो खो हसत आत गेल्या. पंच हसले नाहीत. त्या संध्याकाळी सामन्यातल्या पंचाला त्यांनी एकही शिवी दिली नाही, यावरून घाव किती खोल गेला होता ते घरात सगळ्यांना कळलं. मुलगी कामावरून आल्यावर ते तिच्याशी फक्त जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलले.

ही अशी हवा, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी मोठी मीटिंग. गिऱ्हाईक म्हणजे एक बेकरीवाल्या बाई. घरूनच केक करून विकायच्या, धंदा जोरात, आणि आता त्यांना स्वयंपाकघर पार तोडून नवं करायचं होतं. त्यांनी याआधी दोन कंपन्यांचे नकाशे नाकारले होते. का, ते त्या धड सांगत नव्हत्या. 'मला इथे उभं राहावंसं वाटत नाही' एवढंच म्हणायच्या. साहेबांनी त्यांच्यासाठी फार झकपक बेत केला होता: छताला भिडणारी कपाटं, काळी चकचकीत काच, आणि मध्ये नुसतीच शोभेची एक चौथऱ्यासारखी मांडणी. जावयाला ते मुळीच पटलं नव्हतं. त्यानं बाजूला स्वतःचा एक नकाशा करून ठेवला होता, पण तो दाखवायची छाती नव्हती.

सकाळी मीटिंगच्या आधी त्याला एक कल्पना सुचली. एवढा मोठा पडदा आहे, तर चित्र खऱ्या मापात का लावू नये? खरा फूट तो पडद्यावरही फूट. टीव्ही उंच ठोकलेला असल्यानं त्याची खालची कड बरोबर ओट्याच्या पातळीला आली. भिंतीवर खरंखुरं स्वयंपाकघर उभं राहिलं.

सासूबाई उठून पडद्याजवळ गेल्या. त्या उंचीनं बेताच्याच. त्यांनी साहेबांच्या नकाशातल्या कपाटाच्या मुठीकडे हात लांबवला, टाचा उंचावल्या, पार चवड्यांवर उभ्या राहिल्या. बोटं मुठीच्या बरीच खाली राहिली.

"हे कपाट कुणासाठी?" त्या म्हणाल्या. "जिराफासाठी?"

जावयानं स्वतःचा नकाशा लावला. सासूबाईंचा हात सहज मुठीवर पडला. त्यांनी ती ओढलीसुद्धा, आणि काचेवर पाच बोटं उमटली.

"बाबा, तुम्ही बघा ना," तो म्हणाला.

"मी रुसलेलो आहे," पंच म्हणाले.

"मग मीटिंगला टीव्ही...?"

"निर्णय दिलाय. फिरवत नसतो. पण मी इथेच बसणार."

मीटिंग सुरू झाली. पडद्याच्या एका अर्ध्यात साहेब, दुसऱ्या अर्ध्यात बेकरीवाल्या बाई. त्या आकाराचे चेहरे माणसानं बघू नयेत. साहेबांच्या नाकातले केस मोजता येत होते आणि बाईंचं तोंड सुपाएवढं दिसत होतं. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई दारातून वाकून येत असेल. पंच आणि सासूबाई कॅमेऱ्यात येणार नाहीत असे कडेला बसले होते.

"हा बेत मी स्वतः बसून केलाय," साहेब सांगत होते. "आमचा हा आहे ना, हा नुसत्या रेघा मारतो. डोकं माझं."

रेघा मारणाऱ्याच्या कानशिलावरची शीर उडाली. नेमका माऊस परत उशीवरून घसरला म्हणून तो सोफ्याखाली वाकला. तो वर आला तेव्हा साहेबांचं तोंड चालू होतं, पण आवाज नव्हता.

"साहेब, तुमचा आवाज येत नाहीये," तो म्हणाला. साहेबांचं तोंड आणखी जोरात चाललं. "बाई, तुमचाही नाही. माझा येतोय का?"

बाईंनी अंगठा दाखवला.

पंच खिडकीबाहेर बघत होते. रिमोट त्यांच्या मांडीखाली होता.

का कोण जाणे, साहेबांचा आवाज गेल्याबरोबर जावयाचा मोकळा झाला. "बाई, एक सांगू?" तो म्हणाला. "ही कपाटं चुकीची आहेत. माझ्या सासूबाईंनी आज खऱ्या मापात हात लावून बघितला, पोचला नाही. तुम्ही दिवसभर उभ्या राहणार, दहा वेळा स्टुलावर कशाला चढायचं? आणि मधलं ते ठोकळ्यासारखं आहे ना, त्याला तुमची कंबर आपटणार, बाकी त्याचा काही उपयोग नाही. ही काळी काच तर पिठाच्या घरात म्हणजे, हात लावला की पांढरी."

साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. ते दोन्ही हातांनी खुणा करत होते. मग ते फोन लावताना दिसले आणि लगोलग सोफ्यावर कुठेतरी घुरघुर सुरू झाली. जावयाचा मोबाईल सासूबाईंच्या खाली होता. त्या त्यावर ठाण मांडून निर्विकार चेहऱ्यानं समोर बघत राहिल्या.

"बाबा, बाई काय म्हणतायत कळेना," जावई कुजबुजला.

पंचांनी अखेर पडद्याकडे बघितलं. गर्दीच्या गोंगाटात, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोण काय बोलतंय ते तोंडावरून ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते हळूच म्हणाले, "तो म्हणतोय, गप्प बस, गाढवा. ती त्याला म्हणतेय, तुम्ही गप्प बसा." त्यांनी जरा पुढे वाकून बघितलं. "तू खेळ चालू ठेव."

जावयानं स्वतःचा नकाशा लावला आणि बोलत सुटला. पीठ कुठे, साचे कुठे, ओव्हनमधून काढलेला गरम ट्रे वळून टेकवायला जागा कुठे. फ्रिजचं दार डावीकडून उघडणारं. बाई खुर्चीत पुढे पुढे सरकत होत्या. आणि मग त्या उठून उभ्या राहिल्या, आणि पडद्यावर काही वाढलंच नाही. खुर्चीच्या पाठीच्या थोडं वर त्यांचं डोकं, बस्स. सुपाएवढ्या तोंडाची ती बाई सासूबाईंपेक्षाही बुटकी होती. आजवर एकाही कंपनीनं त्यांना उभं बघितलंच नव्हतं. सगळ्या मीटिंगा बसून.

"अगं बाई," सासूबाई उद्गारल्या, "ही तर माझ्याहून ठेंगणी!"

त्याच क्षणी पंचांनी आवाज परत आणला होता. आणि सासूबाईंचं वाक्य तिकडे पोचलं होतंच.

"कोण बोललं ते?" बाईंचा आवाज खोलीभर घुमला.

जावयाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाई मात्र सरळ उठल्या आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मीच ती हात लावून बघणारी. बघा, मीही अशीच आहे."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तुमचा हात पोचला ना? मग हाच नकाशा. आणि काम हा मुलगा करणार. दुसरा कोणी नको."

साहेबांनी घसा साफ केला. "मी तेच म्हणत होतो," ते म्हणाले.

मीटिंग संपल्यावर त्यांचा फोन आला तो मात्र भडिमाराचा. जावयानं तो उभ्यानं ऐकून घेतला. नोकरी राहिली, कारण बाईंना दुसरा माणूस चालणार नव्हता. शेवटी साहेबांनी विचारलं, "पण आवाज गेला कसा?"

जावयानं पंचांकडे बघितलं. "मलाही तेच विचारायचंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. "बाबा?"

"त्यानं ढळढळीत फाउल केला होता," पंच म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या मैदानावर."

त्यांचा रुसवा तिथेच संपला असावा, कारण संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा पंच आणि सासूबाई एकदमच बोलत तिला सगळं सांगू लागले. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याला दम निघेना. जावई जमिनीवर पालथा पडला होता आणि ती त्याची मान चोळत ऐकत होती.

"आणि तू हे सगळं साहेबांना तोंडावर बोललास?"

"मला त्यांचं काही ऐकूच येत नव्हतं ना," तो चटईत तोंड खुपसून म्हणाला. "माणसाला ऐकू येत नसलं की फार सुचतं गं."

पुढल्या मीटिंगला आवाज शाबूत होता. जावई मधे दोनदा पाणी प्यायला, पण जे बोलायचं ते तो बोलला. साहेब मधूनमधून हुं हुं करत राहिले.

बाईंचं स्वयंपाकघर झालं तेव्हा कंपनीकडून साहेब स्वतः मोठा फुलांचा गुच्छ घेऊन बघायला आले. चांगले ताडमाड उंच गृहस्थ. गुच्छ ओट्यावर ठेवायला ते वाकले आणि कौतुकानं वर बघत उभे राहिले, तर कपाळ थेट कपाटाच्या कडेवर. असा आवाज झाला की बाहेरच्या खोलीतून सासूबाई धावत आल्या. त्यांना बाईंनी खास केक खायला बोलावलं होतं.

साहेब कपाळ धरून जावयाकडे बघू लागले. जावयानं ओटा पुसायला घेतला.

"बर्फ देते," बाई म्हणाल्या. त्यांनी एका जागी उभ्यानं, टाच न उचलता, फ्रिज उघडला, बर्फ काढला, कपाटातून वाटी घेतली आणि ती साहेबांच्या हातात ठेवली. "मला बाई काहीच लागत नाही इथे."