पन्नास वेळा लिहिलेलं वाक्य

परीक्षा संपून पंधरा मिनिटं होत नाहीत तोच व्यायामशाळेमागच्या पायऱ्यांवर दुसरी परीक्षा सुरू झाली. ही पहिलीपेक्षा वाईट. पहिलीत निदान बोलायला बंदी असते.

पेपर होता जगाच्या इतिहासाचा. साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, देशभर सगळ्यांना एकच पेपर. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की अर्धा कापणार, कोरं सोडलं तर काहीच नाही. गोल काळे केलेली उत्तरपत्रिका मंडळाची माणसं पेटीत घालून नेत, पण प्रश्नपुस्तिका घरी न्यायला परवानगी होती. त्यामुळे वर्गातल्या सव्वीस जणांनी आपापली उत्तरं पुस्तिकेत पेन्सिलीने खुणा करून आणली होती, आणि आता एकमेकांच्या मांडीवरच्या पुस्तिकांत माना खुपसून बसले होते.

सगळ्यांत वरच्या पायरीवर वकील बसली होती. वकील म्हणजे मुलगीच. पाचवीत असताना घंटा दोन मिनिटं आधी वाजली म्हणून ती शिपायाशी भांडली होती, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलं. एरवी अशा वेळी तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आज मात्र ती मूग गिळून बसली होती.

"सदतीस," लंबू ओरडला. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचा हा मुलगा, म्हणून वाचायचं काम त्याने स्वतःकडेच घेतलं होतं. "ऑक्टोबर क्रांतीने कोणाची सत्ता उलथवली? अ, झार. ब, हंगामी सरकार. बाकीचे दोन टाकाऊ. बोला!"

"झार!" पायऱ्या एका सुरात ओरडल्या.

"फुकटचा गुण!" लंबूने पुढचं पान उलटलं.

वकिलीने आपली पुस्तिका मिटली. कारण उत्तर झार नव्हतं. झारने त्याच वर्षी काही महिने आधीच गादी सोडली होती. त्याच्या जागी हंगामी सरकार आलं, आणि ऑक्टोबर क्रांतीत जे उलथलं ते हे सरकार. हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं होतं. पान एकशे बारा, खालच्या चौकटीत, अगदी बारीक अक्षरांत.

पण या शाळेत पाठ्यपुस्तक उघडायची पद्धतच नव्हती. इतिहासाचे सर एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली वही घेऊन वर्गात येत आणि नोट्स सांगत. मुलं उतरून घेत. कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम, तेसुद्धा सर सांगत. बावीस वर्षं तीच वही. वर्ष संपलं की मुलं पाठ्यपुस्तकं पुढच्या वर्गाला देऊन टाकत, तेव्हा त्यांची पानं छापखान्यातून आल्यासारखी एकमेकांना चिकटलेली असत.

वकिलीने ती पानं सुटी केली, तीही केवळ कंटाळ्यापायी. तिची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर काम करायची. पाळी संपेपर्यंत वकील चादरींच्या ढिगाऱ्यापाशी बाकावर बसून राहायची आणि वाचायला दुसरं काही नसायचं. एकशे बारावं पान वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने वर्गात हात वर केला. "सर, तुमच्या नोट्समध्ये चूक आहे."

असं म्हणायचं नसतं हे तिला कळायला हवं होतं. सरांनी वही मिटली.

"पुस्तक लिहिणारे परीक्षा घेत नाहीत," सर म्हणाले. "पेपर माझ्यासारखे मास्तर काढतात, उत्तरंही माझ्यासारखेच ठरवतात. तुला गुण हवेत की खरेपणा?" वर्ग खिदळला. मग सरांनी तिला शिक्षा दिली. 'ऑक्टोबर क्रांतीने झारची सत्ता उलथवली' हे वाक्य पन्नास वेळा, स्वच्छ अक्षरात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानाखाली त्यांनी लाल शाईने 'पाहिले' असं लिहून सही ठोकली. ती वही आत्ताही तिच्या दप्तरात होती. टाकून द्यायची म्हणून रोज काढायची, आणि दात-ओठ खात परत आत कोंबायची.

आणि आज, खऱ्या परीक्षेत, सदतिसाव्या प्रश्नावर तिची पेन्सिल पूर्ण दोन मिनिटं ब वर थांबली होती. मग तिने हिशेब केला. उत्तरं ठरवणारे सरांसारखेच असतील तर? अर्धा गुण उगाच का घालवा? तिला गुण हवे होते. तिने अ काळा केला, चांगला गच्च केला, आणि वर स्वतःला शहाणी समजली.

गुण तिला हवेच होते, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. शाळेतून पहिला येईल त्या एकालाच राजधानीच्या विद्यापीठात जागा, वसतिगृहासकट. दुसऱ्या नंबराला टाळ्या. बाकी विषयांचे निकाल लागून गेले होते आणि त्यांत वकील आणि तिच्याच वर्गातली घुमी अगदी बरोबरीत होत्या, म्हणजे सगळं या एका पेपरवर येऊन अडलं होतं. जागा मिळाली नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. आईने लाँड्रीच्या सुपरवायझरशी बोलून ठेवलं होतं. दोन नंबरच्या प्रेसवर बाई हवी होती, सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला होता. "मिळाली जागा तर सोन्याहून पिवळं," आई म्हणाली होती, "पण नाही मिळाली तर घरी बसून काय करणारेस?" बोलताना तिने बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या होत्या. वाफेने भाजल्याचे डाग लेकीला दिसू नयेत म्हणून ती नेहमीच तसं करायची, आणि लेकीला ते नेहमीच दिसायचे.

"ए, घुमीने ब केलंय!" लंबूला शोध लागला. "सदतीसला हंगामी सरकार! घुमे, अगं झोपलीस का काय?"

घुमी खालच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. चार वर्षं ती वकिलीच्या शेजारच्याच बाकावर बसत होती आणि चार वर्षांत वर्गात एकदाही आपणहून बोलली नव्हती. सगळे तिच्यावर तुटून पडले. बावीस वर्षांच्या नोट्स, एवढं सोपं वाक्य, आणि ही बाई ब करून आली!

"हिनेच सांगितलं होतं ना," घुमी हळूच म्हणाली आणि वकिलीकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी वर्गात. मला पटलं होतं."

वकिलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पटलं होतं? मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं? मी एकटी उभी होते तिथे! सगळे दात काढत होते आणि तू वहीत खाली बघत होतीस!"

"भीती वाटली."

"आणि आज नाही वाटली?"

"आज कोण बघत होतं?" घुमी म्हणाली. "तू पण ब च केलंस ना?"

वकील दुसरीकडे बघायला लागली. घुमीने वर येऊन तिची पुस्तिका उचलली, सदतिसावा प्रश्न पाहिला आणि होती तशी परत ठेवली. एखादी शिवी हासडली असती तर वकिलीला बरं वाटलं असतं.

चार वाजता मंडळाची उत्तरसूची आली. शिपायाने ती सूचनाफलकावर चिकटवली आणि सगळा वर्ग त्याच्या अंगावरून फलकाला भिडला. सदतीस: ब.

आधी कुणाला खरं वाटेना. मग एकच गलका झाला. लंबूने फलकावर बुक्की मारली. वकील मात्र मागे उभी राहून आपली आणि घुमीची उरलेली उत्तरं ताडून बघत होती. दोनदा मोजलं. तिची बावन्न बरोबर, आठ चूक, म्हणजे अठ्ठेचाळीस गुण. घुमीचीही बावन्नच बरोबर, पण चूक सहा, दोन कोरी. एकोणपन्नास. बाकी सगळे चाळिशीच्या आसपास लोंबकळत होते.

एका गुणाने. आणि तो गुण तिचाच होता, तिनेच आपल्या तोंडाने घुमीला देऊन टाकलेला. तिला घुमीचा राग आला, सरांचा आला, चौकट इतक्या बारीक अक्षरांत छापणाऱ्यांचा आला, आणि हे सगळे राग संपल्यावर खाली जो उरला तो कुणाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एवढ्यात सर आले. त्यांनी चष्मा वर करून सूची पाहिली.

"सदतीस ब. बरोबरच आहे," ते म्हणाले. "हंगामी सरकार. मग तुम्ही काय केलंत?"

"झार केलं, सर," लंबू म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? काहीतरी ऐकता आणि काहीतरी लिहिता!"

सव्वीस वह्यांत ते वाक्य पूर्णविरामासकट होतं, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही. सरांनाही ते माहीत असावं, कारण त्यांनी लगेच आवाज खाली आणला आणि सगळ्यांना वर्गात नेलं. दार लोटून घेतलं. खिशातून एक छापील अर्ज काढला.

"हे बघा, मार्ग आहे. हा हरकतीचा अर्ज. एखादा भाग वर्गात शिकवलाच गेला नाही असं सगळ्या विद्यार्थ्यांनी सहीनिशी लिहून दिलं, तर तो प्रश्न त्या शाळेपुरता रद्द होतो. सहाच्या आत गेला पाहिजे. लिहायचं इतकंच, की क्रांतीचा धडा वेळेअभावी राहून गेला."

"राहून गेला?" वकील म्हणाली.

"तू लिही," सर म्हणाले आणि पेन तिच्यापुढे धरलं. "भाषा तुझी धारदार आहे. आणि फायदाही तुझाच आहे. प्रश्न रद्द झाला की चुकीचा अर्धा गुण कापला जाणार नाही. तुझे साडेअठ्ठेचाळीस, हिचे अठ्ठेचाळीस." दोघींच्या पुस्तिका बघून एका मिनिटात त्यांनी हिशेबही करून ठेवला होता. "जागा तुझी."

तिने पेन घेतलं नाही, तेव्हा सरांनी ते कोऱ्या अर्जाशेजारी ठेवलं आणि बाकीच्यांना आधी खाली सह्या करायला सांगितलं. मुलं एकेक करून पुढे आली आणि सह्या करून गेली. लंबूने केली. करताना वकिलीकडे बघितलं नाही. चोवीस सह्या झाल्या. मग घुमी उठली. टेबलापाशी गेली, पेन उचललं.

"काय करतेस?" वकील म्हणाली.

"सही." घुमीचे डोळे भरले होते. "तुझंच उत्तर होतं ते. मी नुसतं उतरवलं. तुझं तू घे."

वकिलीच्या डोळ्यांपुढे दोन नंबरचं प्रेस आलं. आईच्या ओढलेल्या बाह्या आल्या. एक सही, फक्त एक, आणि ती या गावातून बाहेर. सरांनी तिला पुन्हा तोच प्रश्न विचारला होता, गुण हवेत की खरेपणा. परीक्षेत तिने गुण म्हटलं होतं, आणि दोन्ही गमावून बसली होती.

तिने घुमीच्या हातातलं पेन खसकन ओढून घेतलं.

"शाब्बास," सर म्हणाले.

तिने अर्ज पुढ्यात घेतला. 'विद्यार्थ्यांचे म्हणणे' या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: 'हा धडा शिकवला होता. चुकीचा शिकवला होता. पुरावा सोबत जोडला आहे.' मग दप्तरातून ती वही काढली आणि पानं फाडली. टरकन, एक, दोन, तीन. पन्नास ओळी आणि तीन लाल सह्या. टेबलावरची टाचणी घेऊन तिने पानं अर्जाला टोचली आणि खाली स्वतःची सही केली.

"अगं मूर्ख मुली!" सर उठून उभे राहिले. "तुझी जागा जाते, कळतंय का तुला?"

"कळतंय. माझी मी घालवलीय, आता रद्द करून परत नको मला." तिचा आवाज चिरकत होता, पण ती थांबली नाही. "तुम्ही एवढंच म्हणा की चुकलं माझं. एकदाच म्हणा. मी पन्नास वेळा नाही सांगत."

सरांनी अर्ज ओढून घेतला, चार तुकडे केले आणि खिशात कोंबले. मग टेबलावरची पिवळ्या कडांची वही काखेत मारून निघून गेले. अर्ज गेला नाही. सदतिसाव्याचं उत्तर ब च राहिलं.

मुलं पांगली. फाटकाबाहेर दोघी बरोबर चालत निघाल्या. नाक्यावर वकिलीला डावीकडे, लाँड्रीकडे वळायचं होतं. आईची पाळी सुटायच्या आत सुपरवायझरला गाठून सोमवारपासून येते म्हणून सांगायचं होतं. ते मनात आलं आणि तिला रस्त्यावरच्या दगडाला लाथ मारावीशी वाटली, तशी तिने मारली.

"माझ्यावर रागावलीस?" घुमीने विचारलं.

"हो!"

"मग मी तिथं जाऊ नको का?"

"जायचं!" वकील गरकन वळली. "जायचं आणि तिथं मुकाट्याने नोट्स उतरवत बसलीस ना, तर याद राख. कुणी चुकीचं सांगितलं की हात वर करायचा. लगेच, सगळ्यांच्या समोर. कर बघू आत्ता."

"इथं? रस्त्यावर?"

"कर म्हणते ना!"

घुमीने इकडेतिकडे पाहिलं आणि हात कसाबसा खांद्यापर्यंत नेला.

"अजून वर," वकील ओरडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ते पुसलं नाही. "अजून वर!"