दोन उलटे फेरे

अहवालाचा मसुदा मामांनी उभ्याउभ्याच वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस पानं काळी केली होती, आणि त्यांचं सार एवढंच की चूक वैमानिकाची. वैमानिक म्हणजे मामांचा जावई. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला काय जातं? तो थोडाच उठून जाब विचारणार आहे.

सगळं हँगर त्यांना मामा म्हणायचं, पण सख्खा भाचा तिथे एकच. तोही आता पन्नाशीचा, हेड मेकॅनिक. लष्कराच्या मालवाहू विमानांवर मेकॅनिक असताना मामांनीच त्याला हाताला धरून तयार केलं होतं. पुढे तो या कंपनीत लागला. आजोबांच्या काळातल्या पंख्यांच्या विमानातून हौशी लोकांना फिरवून आणायचं, हा कंपनीचा धंदा. गेल्या महिन्यात ते विमान वर चढताना डावं इंजिन बंद पडलं आणि धावपट्टीपलीकडच्या माळावर ते कोसळलं. जावयासकट नऊ माणसं गेली.

"बाबा, तिथे आवाज चढवू नका," हँगरकडे जाताना लेक वाटेत म्हणाली. "शाळेत पोरं माझ्या मुलीला म्हणतात, तुझ्या बाबाने माणसं मारली. मला तेवढी एक ओळ खोडून हवीय, बाकी काही नको."

"खोडत नाहीत म्हणजे काय? त्यांचा बाप खोडेल," मामा म्हणाले, आणि आवाज तिथेच चढला.

चौकशी अधिकारी शांत होता, आणि त्याने तर मामा आणखीच भडकले. "हे विमान एका इंजिनावरही उडतं," तो म्हणाला. "त्यांनी घाबरून वळवलं आणि वेग घालवला."

"इंजिन उघडलंत?"

"जळालं होतं. गरज वाटली नाही."

"घरचा मिक्सर बंद पडला तर उघडून बघता ना साहेब? इथे नऊ माणसं गेली आणि तुम्हाला गरज वाटली नाही. चला, माझ्यासमोर उघडा."

लोखंडाचा तो काळा गोळा हँगरच्या कोपऱ्यात पडला होता. भाच्याने पाने घेतले. सकाळपासून तो मूग गिळून बसला होता. तासाभराने खालचा सिलिंडर निघाला. आतला दांडा मोडलेला, आणि मोडण्याआधी वाकलेला.

"बघा," मामा म्हणाले. "दांडा मोडला, इंजिन फुटलं, तेल गेलं. तेल गेलं की पंख्याची पाती वाऱ्याला आडवी अडकतात. मग ते विमान कुणाच्या बापालाही हवेत ठेवता येत नाही. माझ्या जावयाने काय करायला हवं होतं, उतरून ढकलायचं?"

"पण दांडा वाकला कशाने?" अधिकाऱ्याने विचारलं.

"आळशीपणाने. विमान उभं असलं की इंजिनातलं तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. अडला, तर खालचा प्लग काढून तेल सांडू द्यायचं. पण कुणीतरी पंखा दोन फेरे उलटा फिरवला. तो मोकळा होतो, पण तेल पाइपात चढून बसतं. इंजिन सुरू झालं की तेच परत खाली येतं आणि दांडा वाकवतं. त्या दिवशी कळतही नाही. मोडतो तो पुढे कधीतरी." मामा भाच्याकडे वळले. "कोण तो नालायक? नाव सांग, मी त्याची कातडी सोलतो."

"मी, मामा."

मामांचा हात उगारला गेला. "तुला हे शिकवलं होतं मी?"

"हो," भाचा म्हणाला. "लष्करात विमानं मिनिटावर सुटायची. प्लग काढायला अर्धा तास जायचा. तुम्ही म्हणायचात, दोन फेरे उलटे मार आणि मोकळा हो. मी तीस वर्षं तेच करतोय."

उगारलेल्या हाताचं काय करायचं ते मामांना सुचेना. राग कुठे जाईना. तो वळून त्यांच्याच अंगावर आला होता. वेळ वाचवला म्हणून मिळालेल्या शाबासक्या आठवल्या, आणि स्वतःचीच किळस आली.

"म्हणजे चूक हेड मेकॅनिकची, असं लिहू?" अधिकाऱ्याने विचारलं.

"लिहा. आणि त्याच्या वर माझं नाव लिहा. शिकवणारा मी."

लेक इतका वेळ इंजिनापाशी उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्या वेळी ते लष्कराचं विमान डोंगरावर आपटलं होतं. तुम्ही घरी सांगायचात, वैमानिक मूर्ख होता म्हणून. त्याचं इंजिन कोण सांभाळायचं?"

थाप मारता आली असती. ज्यांना ठाऊक होतं, त्यातलं आता कुणी उरलं नव्हतं.

"मीच," मामा म्हणाले. "त्याचाही पंखा आधी अडला होता, आणि मी दोन फेरे उलटे मारले होते."

लेकीने पदराने तोंड पुसलं आणि बापाकडे न बघता ती एकटीच दाराबाहेर गेली. मामा तिच्यामागे गेले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, अधिकाऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, "नवा कागद घ्या. त्या विमानात चौदा जण होते."