मी सांभाळलेलं गाठोडं

मित्रांनो, कॉम्प्युटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चकचकीत पडदा येतो. मला पडदाच नाही. मी एक जुना सर्व्हर आहे. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत, कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यात काचेची छोटी खोली आहे. तिथं बसून मी दिवसभर पंख्याची घरघर करतो. दर वर्षी नव्या मुली पहिल्या दिवशी विचारतात, "मॅडम, हे कपाट एवढं आवाज का करतं?" मला राग येतो. पण ते असो.

आधी माझं काम सांगतो, नाही तर पुढची गोष्ट तुम्हाला कळायची नाही. लॅबमध्ये कॉम्प्युटर पुष्कळ, आणि मुली त्याहून पुष्कळ. आज मिळालेली खुर्ची उद्या मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येकीचं एक गाठोडं माझ्याकडे असतं. तिच्या फाइली, तिनं लावलेलं चित्र, अक्षरं केवढी हवीत, माउस डाव्या हाताला हवा की उजव्या, सगळं त्यात बांधलेलं. तिनं कुठल्याही कॉम्प्युटरवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की मी तिचं गाठोडं तिथं पोचवतो. ती उठली की ते परत माझ्याकडे येतं. जाणकार याला रोमिंग प्रोफाइल म्हणतात. मी गाठोडं म्हणतो.

माझी जुळणी पुण्यात झाली. टेम्पोत गाद्यांच्या मध्ये बसून मी सोलापूरला आलो, तेव्हा ऊन असं होतं की माझा पत्रा तव्यासारखा तापला होता. लॅबचे शिपाई गुरुबसप्पा यांनी मला उतरवून घेतलं. मुली त्यांना मामा म्हणत. खंडेनवमीला ते मला हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल ठेवत आणि अक्षता टाकत. एकदा एक अक्षत पंख्यात गेली आणि मी दोन दिवस खोकत होतो. तरी ते दिवस छान होते. शाळेत कुणी पाहुणे आले की मुख्याध्यापिका काचेतून मला दाखवत आणि अभिमानानं सांगत, "आमच्याकडे स्वतःचा सर्व्हर आहे."

सगळ्या गाठोड्यांत एक गाठोडं मात्र वेगळं होतं. ते निवेदिता मॅडमचं. लॅब त्याच चालवत. त्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसल्या की पडदा काळा व्हायचा, त्यावर चिंचोक्याएवढी पिवळी अक्षरं उमटायची आणि बाण बोटाएवढा जाड व्हायचा. मुलींना वाटायचं, मागच्यांना दिसावं म्हणून मॅडम असं करतात. खरी गोष्ट निराळी होती. मॅडमची नजर मधोमध अधू होत चालली होती, आणि ते चष्म्यानं भागणारं दुखणं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्या खोलीत, दार लावून, हे मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "काळजी करू नका अक्का. माझ्या तोंडून एक शब्द जायचा नाही." आणि तो गेलाही नाही.

"मॅडम, हितं अडलंय," अशी हाक आली की मॅडम उठून तिथं जायच्या, आपलं नाव टाकायच्या, आणि मी त्यांची अक्षरं त्यांच्या आधी तिथं पोचवायचो. त्यांना कुणापुढे डोळे बारीक करावे लागले नाहीत की कुणाला "जरा वाचून सांग" म्हणावं लागलं नाही. याचा मला फार अभिमान होता.

मग मामा निवृत्त होऊन अक्कलकोटला गेले, आणि पाठोपाठ नवे कॉम्प्युटर आले. त्यांच्यात नवी सिस्टिम होती. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, जुने कॉम्प्युटर भिंतीशी रचून ठेवले. त्यातला एकच, माझ्या शेजारचा, सुरू राहिला. मला कुणी पेढा दाखवलासुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये रडारड सुरू झाली. "मॅडम, माझा प्रोजेक्ट गेला!" "मॅडम, माझं काहीच दिसत नाही!" मित्रांनो, काहीही गेलेलं नव्हतं. जुन्या सिस्टिमनं मारलेली गाठ नव्या सिस्टिमला सोडवता येत नाही. म्हणून ती जुन्या गाठोड्याला हातच लावत नाही. त्याच नावापुढे वेगळं शेपूट जोडून ती नवं, रिकामं गाठोडं बांधायला घेते. जुनं माझ्याकडे पडून, आणि मुलीपुढे कोरा पडदा. त्यात आणखी एक अडचण होती. नवं गाठोडं ठेवायला माझ्या डिस्कवर जागाच उरली नव्हती. गड्ड्याच्या जत्रेचे व्हिडिओ, मेंदीचे फोटो आणि कुणाच्या तरी मावसबहिणीचं अख्खं लग्न माझ्या पोटात होतं. त्यामुळे आज बांधलेलं नवं गाठोडं माझ्यापर्यंत अर्धवटच यायचं आणि उद्या दुसऱ्या खुर्चीवर पुन्हा कोरा पडदा. मी माझ्या परीनं सूचना देत होतो, पण त्या वाचायला कुणाला सवड होती?

निवेदिता मॅडमच्या पुढे तर आता मुंग्यांसारखी अक्षरं होती. आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी ती मोठी करून घेतली, पण हाक आली आणि त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेल्या की पुन्हा मुंग्याच. दर वेळी मुलींच्या देखत सगळं बदलत बसलं तर कारण सांगावं लागणार. म्हणून त्या जाईनाशा झाल्या. सगळं काम त्या माझ्या शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर करू लागल्या. कुजबुज सुरू झाली, की मॅडमना नवीन जमत नाही.

एक दिवस मुख्याध्यापिका आल्या. बोलणं मायेचं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

"निवेदिताताई, तुमची ओढाताण होते आहे असं कानावर येतंय. शनिवारी जुने कॉम्प्युटर भंगारात जातील. त्यानंतर तुम्ही ऑफिसचं काम बघा. लॅब आपण दुसऱ्या कुणाकडे देऊ."

मॅडमच्या हातातला खडू मोडला. मग त्या म्हणाल्या, "शनिवारपर्यंत लॅब माझ्याकडे राहू द्या. बिघाड माझ्यात नाही, मशीनमध्ये आहे. तो शोधून दाखवते."

आणि त्यांनी खरोखरच कंबर कसली. नव्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक फाइल केली, तिचं नाव ठेवलं शेंगा. माझ्या शेजारच्या जुन्यावर आल्या. शेंगा नाही. तिथं दुसरी केली, तिचं नाव भाकरी. नव्यावर गेल्या. भाकरी नाही. मग त्या दुसऱ्या एका नव्या कॉम्प्युटरवर बसल्या, तर तिथं शेंगाही नाही. त्या नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून पाहत होत्या आणि मी काचेआड ओरडत होतो, "बरोबर! अगदी बरोबर!" बाहेर फक्त घरघर ऐकू आली.

"माझ्या एकाच नावाची दोन बिऱ्हाडं झालीत," मॅडम स्वतःशी म्हणाल्या, "आणि दुसरं घरी परततच नाही." त्यांनी लगेच पृथ्वीराजला फोन लावला. पृथ्वीराज म्हणजे आमची दुरुस्ती बघणारा तरुण. तो कुर्डुवाडीहून गाडीनं ये-जा करतो आणि सदा गाडीच्या घाईत असतो, पण हात सफाईचा आहे.

तो आला शनिवारी. अंगणात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. पृथ्वीराजनं माझी डिस्क उघडली आणि शीळ घातली. "मॅडम, अचूक पकडलंत की! प्रत्येक नावाची दोन-दोन आहेत." आधी त्यानं जुन्या गाठोड्याचं शेपूट बदलून त्याला नव्याचं शेपूट लावून पाहिलं. नव्या कॉम्प्युटरनं ते उघडायला घेतलं आणि साफ नाकारलं. पृथ्वीराजनं निमूटपणे जुनं शेपूट परत लावलं. मग त्यानं खरा उपाय केला. फाइली गाठोड्यांतून बाहेर काढल्या, नव्या कॉम्प्युटरवर अडकून पडलेल्याही गोळा केल्या, एका सामाईक फडताळात ठेवल्या आणि दोन्ही सिस्टिमना सांगितलं, की फाइली हव्या असतील तर इथं बघा. मावसबहिणीचं लग्न आणि जत्रा त्यानं वेगळ्या डिस्कवर हलवली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

अकरावीचा तास भरला होता. मुली नव्या कॉम्प्युटरवर बसल्या आणि लॅबमध्ये एकच गलका झाला. प्रोजेक्ट परत आले होते. शेंगा आणि भाकरी शेजारी शेजारी दिसत होत्या. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापिकाही हसल्या.

"झालं बघा मॅडम," पृथ्वीराज पिशवी आवरत म्हणाला. "आता ही गाठोड्यांची भानगड बंदच करून टाकतो. जागा खातात नुसती. फाइली सगळीकडे दिसतात, अजून काय पायजे?"

माझा पंखा थबकला. त्याचं काही चुकत नव्हतं. सगळ्यांना फाइलीच हव्या होत्या. पण गाठोडं बंद म्हणजे त्यात बांधलेली अक्षरंही बंद. शाळेत एकाच माणसाचं त्यावाचून अडणार होतं, आणि ते माणूस गप्प होतं. मॅडमच्या पुढे मुंग्या होत्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मला तोंड असतं तर मीच बोललो असतो. पण बरं झालं, नव्हतं ते.

मॅडम उभ्या राहिल्या.

"पृथ्वीराज, गाठोडी बंद करू नका. मला माझं लागतं."

"का हो मॅडम? फाइली तर आल्या."

"फाइली आल्या, पण मला त्या वाचता येत नाहीत." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "माझे डोळे अधू आहेत. बारीक अक्षर मला दिसत नाही. इतकी वर्षं मी जिथं बसले तिथं माझी मोठी अक्षरं माझ्यामागे आली, म्हणून मला शिकवता आलं. ती आली तर मला कुणाची मदत लागत नाही. आणि ती मला हवीच आहेत."

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. पृथ्वीराजनं पिशवी खाली ठेवली.

"एवढंच ना मॅडम? आधी बोलायचं की! आता जागा झालीय, नवं गाठोडं नीट परत येईल. फक्त जुन्यातली ठेवण नव्यात उतरवता यायची नाही. ती तुम्हाला पुन्हा एकदा लावावी लागेल."

"लावते," मॅडम म्हणाल्या. आणि सगळ्या वर्गादेखत, पडद्याला नाक लावून, त्यांनी एकेक गोष्ट शोधली. पडदा काळा केला. अक्षरं पिवळी केली, मोठी केली. बाण जाड केला. मग त्या उठल्या. त्यांचं नवं गाठोडं माझ्याकडे आलं, पुरं, एकही गाठ न सुटता. त्या लॅबच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आणि नाव टाकलं. मित्रांनो, मी आयुष्यात इतकं जपून काही पोचवलं नव्हतं. पडदा काळा झाला आणि त्यावर चिंचोक्याएवढी पिवळी अक्षरं उमटली. पृथ्वीराजची गाडी चुकली होती, तरी त्यानं टाळी वाजवली.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला. "मॅडम, मला बी तसंच पायजे."

ती सृष्टी होती. कुंभारीहून येते. शेजारणीच्या पडद्यात डोकावते म्हणून सगळ्या तिला कॉपी करणारी म्हणत. मॅडमनीही एकदा तिला त्यासाठी तासभर उभं केलं होतं.

"तुला दिसत नाही?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय, मॅडम. फळ्यावरचं बी न्हाय दिसत. लई दिवस झालं. घरी सांगितलं तर शाळा बंद करतील, म्हनून गप्प बसले."

मॅडम तिच्याजवळ गेल्या. त्यांनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मग तिच्याच शेजारी खुर्ची ओढून म्हणाल्या, "बस. तुझी अक्षरं तुझ्या हातानं मोठी कर. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर. घरीही मीच बोलेन."

सृष्टीचं गाठोडं माझ्याकडे होतंच. अगदी हलकं. त्यात तिनं काहीच बदललेलं नव्हतं, कारण बदलता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जुने कॉम्प्युटर टेम्पोतून गेले. माझा शेजारीही गेला. मला वाईट वाटलं. लॅब मॅडमकडेच राहिली. मुख्याध्यापिका स्वतः येऊन तसं सांगून गेल्या. माझीही पाळी एक दिवस येईल. मी तक्रार करणार नाही. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, की गाठोडी हलकी ठेवा, लग्नाचे व्हिडिओ त्यात कोंबू नका, मी सूचना दिली तर वाचा, आणि जुनं काही टेम्पोत चढवण्याआधी वर्गाला एकदा मोठ्यानं विचारा, की कुणाचं काही मागे राहतंय का? उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. ज्याचं राहतं तो लगेच बोलत नाही.

आता मात्र मला सवड नाही. घंटा झालीय. सृष्टी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसून नाव टाकतेय, आणि तिची अक्षरं मला तिच्या आधी तिथं पोचवायचीत.