थाळी आणायची कुणी

भगीरथने थाळी चड्डीला तीनदा पुसली. एकदा वरची बाजू, एकदा खालची, मग लोखंडी कड. त्याला विज्ञान शिकवणाऱ्या नम्रताने शाळेच्या प्रयोगशाळेतली दुर्बीण डोळ्यांना लावून ते नीट पाहिलं. पुसण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. पडलेली प्रत्येक थाळी एक मुलगी फडक्याने लख्ख करूनच परत आणून ठेवत होती. पण गावी, वैशाखऱ्याला, घरच्या खळ्यात थाळी शेणामातीने भरायची, आणि चार वर्षांची सवय पुण्याच्या मैदानावर आली म्हणून सुटत नव्हती.

"पुसतोय काय भांड्यावानी?" धाऊ म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा वो," सकुबाई म्हणाली. "पोराला टोकू नका."

नवरा-बायको पहाटे निघून, माळशेज घाट चढून, जीपने आले होते. सकुबाईच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं. खाली जाळीच्या पिंजऱ्यात, सिमेंटच्या वर्तुळात, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा देशाची निळी जर्सी घालून उभा होता. आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेतली थाळीफेक होती. बाकीचे अकरा स्पर्धक त्याच्यापेक्षा हातभर रुंद दिसत होते.

पहिली फेक हातातून निसटली आणि उजव्या जाळीत अडकून खाली पडली.

"मासा गावला," धाऊ म्हणाला.

सकुबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

नम्रताच्या पर्समध्ये चार घड्या घातलेला एक कागद होता. क्रीडा वसतिगृहाचा प्रवेशअर्ज. भगीरथची निवड झाली होती, फक्त वडिलांची सही हवी होती. जूनमध्ये धाऊ म्हणाला होता, लावणी होऊ दे. मग गणपती होऊ देत. मग, बाई, पाहू. अर्ज देण्याची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती, आणि हे नम्रताने त्याला सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

धाऊला शेताला माणूस कमी पडेल याची भीती नव्हती. खरं कारण त्याने एकदाच, शाळेच्या पायरीवर बसून सांगितलं होतं.

"एक वस्तू फेकायची. जाऊन आणायची. परत फेकायची. सांजच्याला ती होती तिथंच. बाई, ह्याला काम कसं म्हनायचं?"

नम्रता वर्गात बल आणि विस्थापन शिकवत असे. वस्तू जिथून निघाली तिथेच परत आली तर विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. धाऊचं म्हणणं पुस्तकाला धरूनच होतं. तिला हसू आलं होतं.

दुसऱ्या फेकीला भगीरथ आत गेला. दीड वळसा, मग पूर्ण हात. थाळी सपाट निघाली, वाऱ्यावर टेकून राहिल्यासारखी गेली आणि पन्नास मीटरच्या पांढऱ्या रेषेपलीकडे उतरली.

"गेली रे गेली!" सकुबाई उभी राहिली. भाकरीचं फडकं नम्रताने झेललं.

आणि भगीरथ वर्तुळाच्या पुढच्या कडेवरून उतरून थाळीमागे धावत सुटला.

पंचाने लाल झेंडा वर केला. सात-आठ पावलं गेल्यावर भगीरथला आठवलं. तो थांबला, आणि त्याने जीभ चावली.

"काय झालं? लांब तर गेली," धाऊ म्हणाला.

"बाद," नम्रता म्हणाली. "थाळी पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या बाजूने बाहेर पडायचं असतं. पुढून उतरलं की फेक धरत नाहीत."

"त्याला म्हाईत नाय?"

"पाठ आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेतही असाच धावला होता. तेव्हापासून मी त्याला फेकल्यावर तीन आकडे मोजायला लावते. आज विसरला."

"पन धावला कशाला? आनायला मानसं हायेत की इथं."

सकुबाई खाली बसली. तिने फडकं परत मांडीवर घेतलं.

"आपल्या खळ्यात कोन होतं आनायला? तुमी?"

नम्रताला ते खळं डोळ्यांसमोर दिसत होतं. तिन्ही बाजूंना कुडाच्या भिंती, भातखाचरांकडे एकच मोकळी वाट. झोडणी संपली की होळीपासून पावसापर्यंत भगीरथ त्याच वाटेने थाळी फेके आणि त्याच वाटेने आणायला धावे. रोज साठ वेळा. बांधावर बसून धाऊ विडी ओढत असे.

"आता काय?" धाऊने विचारलं.

"एक फेक उरली. ती धरली गेली आणि पहिल्या आठांत बसली, तर अजून तीन मिळतील. नाही तर संपलं."

धाऊ उठला. कठड्याशी जाऊन दोन्ही हातांनी लोखंड धरून उभा राहिला. पायातल्या वहाणा त्याने जागेवरच काढून ठेवल्या होत्या, खळ्यात शिरताना काढतात तशा.

भगीरथने थाळी तीनदा पुसली. वळला. या खेपेला थाळी जरा उंच गेली आणि रेषेपलीकडे उतरायला लागली. त्याच क्षणी त्याचा उजवा पाय पुढच्या कडेपलीकडे जायला उचलला गेला.

"होऽऽऽ! हो, हो, हो!"

नांगराचा बैल वळणावर थांबवायची ती हाक. शेजारच्या रांगेतल्या परदेशी बाईच्या हातातला कागदी पेला उडाला. खाली भगीरथचा पाय हवेत तसाच राहिला. मग तो सावकाश मागे आला, वर्तुळात टेकला.

"मागं फीर!" धाऊ ओरडला. "थाळी ते आनतील!"

भगीरथने वर पाहिलं आणि हसला. मोजून तीन पावलं मागे गेला, मागच्या बाजूने बाहेर पडला. पांढरा झेंडा वर झाला.

"बैलाला हाकारतात तसं हाकारलं पोराला," सकुबाई म्हणाली. पण ती पदराने डोळे पुसत हसत होती.

फलकावर आकडा आला. त्रेपन्न मीटर अठरा सेंटिमीटर. त्याची आजवरची सगळ्यांत लांब फेक. पाचवा क्रमांक. नम्रताने तो आकडा वहीत टिपला, त्याखाली रेघ ओढली आणि पुढच्या तीन फेकींसाठी जागा सोडली.

धाऊ अजून कठड्याशीच होता. तो फलकाकडे बघत नव्हता. मैदानात एकाने खूण रोवली होती, दुसऱ्याने फीत धरली होती, तिसरा वाकून आकडा वाचत होता. फडकेवाली मुलगी थाळी दोन्ही हातांत धरून, हिरवळीवरून चालत परत येत होती. ती पिंजऱ्यापाशी पोचून थाळी जागेवर ठेवेपर्यंत धाऊ तिच्याकडे पाहत राहिला. मग येऊन बसला. वहाणा पायात घातल्या.

"बाई, त्या हॉस्टेलात बी अशी मानसं असतात का, आनून द्यायला?"

नम्रताने खरं तेच सांगितलं. "नाही. सरावाला मुलं आळीपाळीने एकमेकांच्या आणतात."

"म्हंजे एकटा नसतो."

"एकटा नसतो."

खाली भगीरथ पुढच्या फेरीसाठी खांदे फिरवत होता. सकुबाईने भाकरीचं फडकं सोडलं, एक चतकोर नवऱ्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. हात धोतराला पुसला, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि नम्रतापुढे केला.

"तो कागद काढा, बाई," धाऊ म्हणाला. "जाऊ दे त्याला."