खड्याचं स्नान

“माझ्याच्यानं नाही झालं, तर तू नेऊन दे, कुंदा. शब्द दिलाय मी त्याला.”

चिंतामणरावांचे हे बोल मनात घोळत असतानाच कुंदाताईंनी अंजनगावच्या ललित सोनारापुढे रुमाल सोडला. आत पांढुरका खडा होता, सुपारीएवढा.

“याला चांदीचं कोंदण करून द्या. झिजत चाललाय. मूठभर होता हो.”

कुंदाताईंचे यजमान चिंतामणराव भूगर्भ खात्यात होते. लडाखच्या उंच, उजाड पुगा खोऱ्यात ते जुने खणीव खड्डे धुंडाळत हिंडले होते. तिथला खार पूर्वी मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली यायचा. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या बापानं खणलेला शेवटचा खडा त्यांनी तपासायला, परत देण्याच्या बोलीवर मागून आणला, आणि परत नेण्याआधीच ते गेले. कुंदाताईंनी खडा देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवला. देवांबरोबर त्यालाही रोज स्नान. ते पाणी तुळशीला. हा नेम कधी चुकला नव्हता. नेम चुकेल म्हणूनच तर लडाख राहून गेलं होतं.

ललितनं खडा नखानं खरवडला आणि भुकटी जाळावर धरली. ती लाहीसारखी फुगली.

“काकू, हा तं टाकणखार हाय. दागिन्याचा सांधा जोडाले, डाग द्याले आमी रोजच वापरतो. पाण्यात घातला होता काय?”

“रोज स्नान घालते.”

“मंग राहीन कसा? इरघळला ना! देवायचे लाड करा, पण खाराले कोनी आंघोळ घालते काय?” हसता हसता त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “पाणी आणू काय, काकू?”

त्यांनी नको म्हणून मान हलवली. “माझी तुळस जगत नाही. कितीदा लावली, कडेकडेनं करपते.”

“सारा खार तिच्याच बुडाशी गेला ना. दर्यापूरकडं खारपाणाच्या जमिनीत पीक कसं करपते, पाह्यता ना तुमी.”

कुंदाताईंनी खडा पुन्हा रुमालात बांधला. “कोंदण राहू द्या,” म्हणून त्या उठल्या.

सकाळी देवपूजा आटोपून त्यांनी कुंपणापलीकडे सडा टाकणाऱ्या बेबीताईंना हाक मारली.

“माझ्या देवांना आंघोळ घालशील? मी येईपर्यंत.”

“आन् तुमचा नेम? एका दिवसासाठी लेकाकडं जात नाई तुमी. कुठं चालल्या?”

“लडाखला. ह्यांचं काम राहिलंय एक.”

वृंदावनापुढे त्यांनी हात जोडले. करपलेली तुळस अलगद उपटली, खालची माती खुरप्यानं तळापर्यंत खरवडली आणि चिंतामणरावांच्या धोतराच्या फडक्यात भरली. वर खडा ठेवून गाठ मारली.

त्या फाटकाशी येताच पलीकडून बेबीताईंच्या सड्याचं पाणी उडालं. कुंदाताईंनी चटकन गाठोड्यावर पदर ओढला, आणि अकोल्याच्या गाडीसाठी त्या स्टँडकडे चालू लागल्या.