उष्माघात : पाच गुणांचा प्रश्न

प्रश्न. उन्हात कोसळलेल्या माणसाचं अंग तापलं आहे आणि तो असंबद्ध बोलत आहे. तुम्ही काय कराल? (५ गुण)

अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात प्रियदर्शनीने या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळवले होते. पण कागदावरच्या रुग्णाला नातेवाईक नसतात.

अकोल्यात, ऐन मे महिन्यात, पत्र्याच्या मंगल कार्यालयात, या रुग्णाला झाडून सगळे नातेवाईक होते.

रुग्ण म्हणजे किसनराव. तिच्या बाबांचे थोरले भाऊ आणि आजच्या नवरीचे वडील. सकाळपासून फाटकात उन्हात उभे राहून ते वरपक्षाच्या गाड्यांना हात जोडत होते. पाणी पाव्हण्यांना, यांना नाही. त्रिशरण-पंचशील झालं, हार पडले, पंगत बसायला लागली आणि किसनराव खांब धरून खाली बसले, ते आडवेच झाले.

उत्तर. (अ) रुग्णाला सावलीत न्यावे.

नेलं. सावली म्हणजे तापलेल्या पत्र्याखालचा अंधार, आणि सावलीबरोबर माणसंही आली.

"सरका ना बाप्पा! हवा येऊ द्या!" प्रियदर्शनी ओरडली. सगळे एक पाऊल मागे सरकले आणि दोन पुढे आले.

कपाळाला हात लावला तर चटका. "मोठेबाबा, मी कोन?"

"पाव्हन्याइले बुंदी वाढा," किसनराव छताकडे बघत म्हणाले. "गाडी आली, गाडी आली."

तिने किशोरला, नवरीच्या भावाला, एकशे आठला फोन लावायला सांगितलं.

"लावतो ना. आधी पन्हं पाजू दे."

"तोंडात काही घालू नको! शुद्ध नाही त्याइले. श्वासनलिकेत जाईन!"

"पन्हं?" किशोरला खरंच आश्चर्य वाटलं. "पन्ह्यानं कोनाले काय होते?"

तिने गिलास हिसकून बाजूला ठेवला. फोनही हिसकला आणि स्वतःच लावला.

(आ) कपडे काढावेत.

सफारी नवीन होती. बटणाला हात लावताच किसनरावांच्या बायकोने, जाईबाईंनी, तिचं मनगट धरलं. "काय करून राह्यली वं? व्याह्याइपुढं उघडं करतं मानसाले?"

"मोठी आई, सोड."

"कांदा घासला हाय तळपायाले. उतरनच आता."

"कांद्यानं नाही उतरत!"

"दोन बुकं काय शिकली, कांदाही खोटा झाला!"

(इ) अंगावर पाणी ओतावे.

"तापल्या आंगावर थंडं पानी?" या मुद्द्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं. सर्दगर्मी होईन. लकवा मारन. एका आत्याचा दीर असाच गेला होता. तो दारूने गेला होता, हे प्रियदर्शनीला माहीत होतं. पण आता ते सांगत बसायला वेळ नव्हता.

(ई) वारा घालावा.

हॉलमध्ये कूलर एकच चालू होता. मोठा, लोखंडी, ओल्या वाळ्याच्या वासाचा. त्याच्या पुढ्यात वरपक्ष बसला होता आणि अगदी तोंडाशी नवरदेवाचे काका वामनराव. मुलीकडच्यांनी त्या कूलरला हात लावायचा नसतो. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण किशोरला ते पाठ होतं.

"ताई, तो नको. नाराज होतीन थे लोकं."

"तुहा बाप मरून राहिला, किशोर!"

"हो, पन..."

या "पन"वर तिचा संयम सुटला. उत्तरपत्रिकेत (उ) नव्हता. (उ) असा :

तिने कूलरची दांडी धरली आणि ओढला. चाकं किंचाळली. वामनरावांच्या डोक्यावरचे उडते केस खाली बसले.

"हे काय? पोरावाल्याइचा कूलर?" ते उभे राहिले. "बोलावा पोरीच्या बापाले!"

"थे पाहा, तिथं पडले हायेत! बोलून घ्या!"

वामनरावांनी पाहिलं. वायर पुरत नव्हती, ती त्यांनी टेबलाखालून सोडवून दिली. कुरकुरतच.

मग प्रियदर्शनीने कुणालाच विचारलं नाही. सफारी उघडली, बनियन फाडलं, पिण्याच्या पाण्याचा थंड जार उचलून छातीवर, मांड्यांवर ओतला. जाईबाईंनी किंकाळी फोडली. मठ्ठ्यातला बर्फ रुमालात बांधून काखेत, मानेला, जांघेत. ओल्या अंगावर वारा. पुन्हा पाणी. जाईबाई रडत होत्या. आत्या लकव्याची वाट बघत होती.

पुन्हा पाणी.

"मोठेबाबा, मी कोन?"

उत्तर नाही.

पुन्हा पाणी. जार संपला. दुसरा वामनरावांनी आणून आपटला.

"मी कोन?"

किसनरावांनी डोळे उघडले. छातीकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. "कोनं उघडं केलं मले?"

"मी कोन ते सांगा!"

"प्रियदर्शनी. कारटी. शर्ट कुठं हाय माह्या?"

तिला हसू आलं. बाहेर एकशे आठ आली.

"दवाखान्यात? मी?" किसनराव कोपरावर उठायला लागले. "आता बरा हाय मी. पोरीची विदाई हाय."

"आतून किडनीले, मेंदूले काय झालं ते तपासल्याबिगर बरं म्हनता येत नाही. झोपा."

"वरपक्ष थांबन काय?"

सगळ्यांनी वामनरावांकडे पाहिलं. त्यांनी घाम पुसला. "थांबतो. बापाबिगर कोन्ती विदाई? जा घेऊन त्याइले. अन् पोरी, एवढी वरडत नको जाऊ. सासरी कसं होईन तुहं?"

स्ट्रेचरचं एक टोक धरून प्रियदर्शनी गाडीत चढली. दार लागेपर्यंत किसनराव मठ्ठा कमी पडू देऊ नका म्हणून किशोरला बजावत होते आणि ती त्यांच्या मानेवर ओलं फडकं दाबून म्हणत होती, "बोलू नका. मोठेबाबा, बोलू नका ना."