मुलाखतीपुरतं इंग्रजी

दुपारची जेवणं उरकली की इंग्रजीच्या बाईंच्या पुढच्या खोलीत मुलींचा गजर सुरू व्हायचा. "माय हजबंड इज व्हेरी काइंड! आय ॲम व्हेरी हॅपी!" ज्या होणाऱ्या नवऱ्यांबद्दल हे ठासून सांगितलं जायचं, त्यांच्याशी एकीचंही धड दोन शब्द बोलणं झालेलं नसायचं! परदेशातल्या मुलाशी लग्न ठरलं की मुलीला बाईंकडे धाडायचं, व्हिसाच्या मुलाखतीतली उत्तरं घोकून घ्यायची आणि लग्नासाठी विमानात बसवून द्यायचं, अशी रीतच पडली होती. जास्त शिकवू नका, असं सासरचे बजावून सांगत. बाईही मान डोलवत. त्यांची एकही मुलगी आजवर नापास झाली नव्हती, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

आज मात्र बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खडू उचलत, ठेवत, पुन्हा खिडकीशी जात. इथेच उत्तरं घोकून परदेशी गेलेली मैना समोरच्या घरी परत आली होती. मैना हे बाईंनीच ठेवलेलं नाव, इतकी बोलकी पोर. सकाळी बाई तिला भेटायला गेल्या, तेव्हा ती भिंतीकडे बघत बोलली.

"बाई, तो बाहेरून कुलूप लावून कामाला जायचा. मारायचा. एकदा माझं रडणं ऐकून शेजारीण दाराशी आली. मदत हवी का, असंच विचारत होती, तेवढं कळलं मला. पण माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? आय ॲम व्हेरी हॅपी. दुसरं काही येतच नव्हतं हो! ती बिचारी निघून गेली. पुढे मी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यानंच परत धाडलं."

घरी येऊन बाईंनी फळ्यावरची वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली होती.

आणि नेमकी आजच वर्गातल्या चिमणीची होणारी सासू परीक्षा घ्यायला आली. सोबत चिमणीचे वडील, कोपऱ्यावरचे शिंपीकाका. लेकीला परदेशातलं स्थळ मिळालं म्हणून त्यांना आभाळ ठेंगणं झालेलं.

चिमणीनं सगळी उत्तरं धडाधड म्हटली. सासू खूश झाली. "झालं की मग! उद्या मुलाखत, की पोरगी तिकडे."

"अजून एक वाक्य राहिलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी फळा पुसला आणि सगळ्या मुलींना म्हणायला लावलं. "प्लीज हेल्प मी. आय वॉन्ट टू गो होम."

"ह्याचा अर्थ काय?" सासूनं विचारलं.

"मला मदत करा. मला घरी जायचंय."

सासू ताडकन उठली. "हे कशाला? मुलाखतीत विचारतात का हे? उद्या तिकडे चव्हाट्यावर तमाशा करायला?"

शिंपीकाका घाबरले. "बाई, हात जोडतो. जमलेलं लग्न मोडू नका. राहू द्या ते वाक्य."

"काका, मैनेला हेच वाक्य येत नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि सकाळी ऐकलेलं सगळं सांगून टाकलं.

"ते काही असो," सासू म्हणाली. "आमच्या सुनेला हे वाक्य येता कामा नये. बस्स!"

शिंपीकाका तिच्याकडे बघत राहिले. गळ्यातला टेप त्यांनी हळूच काढून हातात घेतला.

"का येता कामा नये?" त्यांनी विचारलं.

सासू चपलांकडे वळली.

"नाही, मला सांगाच. माझ्या लेकीनं मदत मागितली, तर तुमचं काय बिघडतं?"

"तुमच्या मुलीला घरीच ठेवा मग!" म्हणत ती चपला पायात सरकवून निघून गेली.

काका बाकावर मुलींच्या शेजारीच मटकन बसले. डोळे भरून आले होते. "चिमणे," ते म्हणाले, "म्हण बाळ पुन्हा."

"प्लीज हेल्प मी," चिमणी पुटपुटली.

"असं नाही म्हणायचं ते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात मैना उभी होती, चौकटीला धरून.

"दार बंद असतं गं," ती म्हणाली. "ओरडून म्हणायचं."